एकोणिसावा पंचनामा

दोन हजार अठरा साल होतं आणि मी बहात्तर वर्षांचा होतो. त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात दोन जण परीक्षेचा अभ्यास करत होते. एक माझी नात शिवकन्या, विद्यापीठात क्रिमिनल जस्टीस शिकणारी. दुसरा मी. तिचा पेपर विद्यापीठात होता, माझा कोर्टात. ती पास झाली. मीही झालो, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

दर साली चैत्र आला की दारातल्या कडुलिंबाला मोहर येतो. त्याचा तो कडसर गोड वास सकाळी अंगणभर असतो, आणि ऊन चढलं की कुठं जातो कळत नाही. पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पोलीस भरतीची पोरं धावतात. आधी त्यांच्या बुटांचा आवाज येतो, मंग धाप, मंग कुणीतरी मोठ्यानं मोजलेले आकडे. घराघरातून पुटपुटणं ऐकू येतं. कुणाची बारावी, कुणाचं कॉलेज. बाकीच्यांना हा परीक्षेचा हंगाम वाटतो. मला मात्र त्या दिवसांत कुणी परीक्षेचं नाव काढलं की नकोसं होतं.

यंदाही तसंच झालं. शेजारच्या मळ्यातली मुलगी फॉर्म घेऊन आली.

"आबा, शिवकन्याताईनं केलं तेच करावं म्हन्ते. काय काय होता येतं त्याच्यात?"

मी तिला बोटांवर मोजून सांगितलं. पोलिसात जाता येतं. तुरुंगात अधिकारी होता येतं. रक्ताचे, बोटांच्या ठशांचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत जाता येतं, पण त्याला आधी सायन्स लागतं. ज्याच्यावर जुलूम झाला त्याला कोर्टात आधार देता येतो. प्रोबेशन ऑफिसर होता येतं, म्हणजे गुन्हा केलेल्या माणसाला चांगल्या वागणुकीच्या बोलीवर सोडलं, की त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि त्याला हातही द्यायचा. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. दुसरी पास म्हातारा एवढं सांगतो म्हणजे काय! तिला वाटलं, आबाला नातीचं किती कौतुक आहे. कौतुक आहेच. पण हे सगळं मी कौतुकानं शिकलो नाही.

माझी शाळा दोन वर्षांची. पुढचं वाचन पोथीवर बोट ठेवून, पंचविशी उलटल्यावर, स्वतःच्या हट्टानं शिकलो. कुणी शिकवतो म्हटलं की मला राग यायचा. सही मात्र अशी बसवली होती की बँकेतला साहेबसुद्धा म्हणायचा, आबा, सही झकास. त्या सहीवर मी पंच झालो.

पंच म्हणजे काय, ते सांगतो. पोलिसांनी कुठं झडती घेतली, चोरीचा माल पकडला, की तिथं गावातली दोन माणसं हजर पाहिजेत. आम्ही डोळ्यांनी बघितलं, असं त्यांनी कागदावर सही करून सांगायचं. कायदा तसा सरळ आहे. पण आमच्याकडे जमादार कागद लिहूनच मोटारसायकलवर आणायचे. ओट्यावर बसायचे, पाणी प्यायचे.

"आबा, इथं एक, इथं एक, आन् मागच्या पानावर एक."

"जागेवर यावं लागन का?"

"उन्हात कशाला येता? आम्ही जाऊन आलोत ना."

मी सही करायचो. कागदावर दरवेळी एकच वाक्य असायचं, 'खालील दोन प्रतिष्ठित पंचांसमक्ष.' प्रतिष्ठित हा शब्द मला पहिल्यांदा वाचता आला नव्हता. दोन जोडाक्षरं, एकावर एक. बोट ठेवून, ओठ हलवून तो फोडला, आणि फोडल्यावर छाती भरून आली. आपल्याला शाळेनं दिलं नाही ते ठाण्यानं दिलं, असं वाटलं. ठाण्यात गेलो की खुर्ची मिळायची. बाकी गाव बाहेर झाडाखाली उकिडवं बसलेलं, आणि मी आत, कपबशीतला चहा. अशा एकोणीस सह्या केल्या मी. ठाण्याचं नाव लिहीत नाही. ठाण्यानं माझा हात धरून सही करून घेतली नव्हती.

शिवकन्या माझ्या थोरल्याची मुलगी. बारावीनंतर तिनं हा विषय धरला तेव्हा घरात मी एकटाच तिच्या बाजूनं होतो. मला वाटलं, पोरगी फौजदार होणार. मी वडीगोद्रीच्या फाट्यावर हॉटेलात बसून सांगायचो, दोन वर्षांत आमच्या घरी खाकी येणार. तिथले टवाळ म्हणायचे, "आबा, नात फौजदार झाली की आम्हाला आत टाकू नका म्हंजे झालं." मी म्हणायचो, "तुमच्यापासूनच सुरुवात करायला लावतो."

ती सुट्टीत आली आणि म्हणाली, "आबा, मला फौजदार न्हाई व्हायचं."

"मंग काय व्हायचं?"

"तुरुंगातून सुटून आलेल्या मान्सांसोबत काम करायचं. सुटल्याच्या पहिल्या दिवशी मानूस दाराबाहेर येतो ना, तेव्हा त्याला घरी नेणारं बी कुणी नसतं."

"चोराला घरी न्यायला तू एवढं शिकून राह्यली?"

"समदेच चोर नसतात, आबा."

मला पटलं नाही. मला न पटलेली गोष्ट आमच्या घरात झालीच नाही असं धरायची पद्धत होती. हॉटेलात मी फौजदारच सांगत राहिलो.

त्या चैत्रात ती शेवटच्या परीक्षेसाठी घरी अभ्यासाला आली. घरात पत्रे तापायचे, म्हणून लिंबाखाली बाज टाकून दिवसभर वाचायची. तिच्या पुस्तकात पिवळ्या रंगाच्या रेघा मारलेल्या असायच्या आणि लिंबाची फुलं त्या पानांत पडायची. ती पान झटकायची नाही, तशीच मिटायची. त्या पुस्तकाला मंग लिंबाचा वास लागला होता. मोसंबीला ठिबकचं पाणी चालू असायचं, दुपारी त्या ओल्या मातीवरून एखादी गार झुळूक यायची, आणि ती डोळे मिटून पाठ केलेलं म्हणायची. त्याच दिवसांत मला कोर्टाचं समन्स आलं. एकोणिसाव्या पंचनाम्याचं. शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली होती, आणि पोलिसांनी काशिनाथला धरलं होतं.

काशिनाथ आणि त्याची बायको सुमन बाहेरगावाहून मजुरीला आलेली. कालव्याच्या कडेला ताडपत्रीचं खोपट घालून राहायची. दोन साल आमच्या बागेची मोसंबी त्यानंच तोडली होती. फांदीला इजा न करता फळ कसं काढावं ते त्याच्या हाताला माहीत होतं. दसऱ्याच्या आसपास त्याला धरलं, जामीन राहायला कुणी पुढं आलं नाही, तेव्हापासून आतच होता. मी म्हणायचो, पोलिसांनी धरलं म्हणजे काहीतरी असंलच. मी सही केली होती ना. माझ्या सहीखाली खोटं कसं असंल?

जमादारांनी साक्षीआधी कागदाची झेरॉक्स आणून दिली. "आबा, बराबर वाचून ठेवा. वकील उलटसुलट विचारतो. फितूर होऊ नका बरं."

साक्षीदार उलटला की कोर्टात त्याला फितूर म्हणतात. हा शब्द मला चाबकासारखा लागला. मी म्हणालो, "आमच्या खानदानात फितूर कुणी निघला न्हाई." आणि पाठ करायला बसलो. ती बाजेवर, मी ओट्यावर. ती कलमं म्हणायची, मी पंचनामा.

"सदर इसमाने निवेदन केल्यावरून आम्ही पंच व पोलीस असे पायी चालत त्याचे राहते घरी गेलो असता, घराचे पाठीमागे कडब्याचे गंजीत लपवून ठेवलेली पाण्याची मोटार त्याने स्वतः काढून हजर केली."

तीन दिवस म्हणत होतो. चौथ्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं.

"आबा, हे तुम्ही पाठ करून राह्यले का?"

"मंग! तुझ्यावानी मलाबी पेपर हाय."

"तुम्ही गेल्ते का तिथं?"

"जायचं काय त्याच्यात? साहेब गेल्ते."

"म्हंजे तुम्ही मोटार बघितलीच न्हाई?"

"कागदावर हाय ना."

ती उठून माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या परीक्षेत पंचांवर अख्खा धडा होता म्हणे. मी हसून विचारलं, "मंग माझं नाव हाय का त्याच्यात?" ती हसली नाही. म्हणाली, "नाव न्हाई. पण तुम्हीच आहात."

मंग तिनं हळूच विचारलं, "आबा, काशिनाथमामाकडं जनावर कोन्तं होतं?"

मी म्हणालो, "जनावर कुठलं? बकरीबी नव्हती."

"मंग कडब्याची गंज कशाला?"

लिंबावर कावळा ओरडत होता. मी त्याला हुसकावलं. जन्म गेला माझा शेतात. कुणाच्या दारात वैरणीच्या किती पेंड्या, ज्वारीचा कडबा आहे की बाजरीचा सरमाड, हे मी चालत्या एसटीतून सांगतो. ज्याच्या दावणीला शेपूट नाही त्याच्या खोपटामागं गंज असते का? खरीखोटी कलमं मला कळत नव्हती, ते सोडा. पण हे कळायला पुस्तक लागत नाही. तीन दिवस ते वाक्य माझ्या तोंडातून जात होतं आणि माझ्या शेतकरी कानाला खटकलं नव्हतं, कारण कान वाक्याकडे नव्हताच. तो आपल्याच आवाजात रमला होता.

"उद्या कोर्टात खरं सांगा, आबा. मी न्हाई बघितलं, एवढंच म्हना."

"आन् फितूर म्हनून घेऊ? ह्या वयात?"

"त्याला सजा होईल."

"तू मला शिकवू नको. तुझी फी ह्याच हातानं भरली."

हे बोललो मी. शब्द सुटल्याबरोबर माझं मलाच ऐकू आलं. तिनं पुस्तकं पिशवीत भरली. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता. त्याच दुपारच्या गाडीनं ती विद्यापीठाकडे गेली, दर वेळी पाया पडायची तशी पडली, पण मान वर करून बघितलं नाही.

सकाळी मी इस्त्रीचं धोतर नेसून जालन्याला गेलो. कोर्टाच्या व्हरांड्यात काशिनाथला आणलं होतं. निम्मा झाला होता. हाताला धरून पोलीस उभा, आणि तरी मला बघितल्याबरोबर त्यानं मान लववली, "राम राम, आबा." सवयीनं. मी राम राम घेतला नाही, असं दाखवलं की ऐकलाच नाही.

शपथ घेतली. पाठ केलेलं म्हटलं. एक शब्द चुकला नाही. मंग बचावाचा वकील उठला. तरणा होता, घाईत होता.

"आबा, गंज कशाची होती?"

"शाळूच्या कडब्याची."

"किती उंच?"

कागदावर उंची नव्हती. तिथं मला थांबता आलं असतं. मला आठवत नाही, एवढं म्हणता आलं असतं. पण समोरचा पोरगा मला अडाणी समजतोय असं वाटलं, आणि मी मान ताठ केली.

"पुरुषभर. वरून उसाचं पाचट टाकलेलं, वाऱ्यानं उडू नये म्हनून दगड ठेवलेले. आमच्याकडं अशीच रचत्यात साहेब."

जज्जसाहेबांनी मान हलवली. टाईप करणाऱ्यानं 'पुरुषभर' टाईप केलं. वकिलाला पुढं विचारायला सुचलं नाही, तो बसला. गंजीचा एवढा बारकावा सांगणारा म्हातारा खोटा कसा असंल? काशिनाथ खाली बघत होता.

कागदावरचं खोटं जमादारांचं होतं, असं मी नंतर किती वेळा मनाशी म्हणून बघितलं. पण पुरुषभर माझं. पाचट माझं. ते दगड मी माझ्या हातानं ठेवले. सत्तर वर्षांचं शेत मी त्या एका खोट्याला ठिगळ म्हणून लावलं आणि ते बेमालूम बसलं. बाहेर आलो तेव्हा जमादार पाठीवर थाप मारून म्हणाले, "आबा, कमाल केली." आणि खरं सांगू? तेवढा वेळ मला बरं वाटलं.

फाटकाजवळ सुमन उभी होती. मी वळसा घालून निघालो, पण ती पुढं आली. पदर डोक्यावर घेतला.

"आबा, तुम्ही आमच्या घरी आल्ते म्हन्ता."

मी धोतराचा सोगा सावरला.

"मी कामाला गेलेली असंन. मंग तुम्हाला कुनी पानीबी इचारलं न्हाई का हो? एवढं मोठं मानूस दारात आलं आन् तसंच गेलं?"

टोमणा होता की खरंच विचारत होती, मला आजही कळलेलं नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आमच्याकडे वैऱ्यालाही आधी तांब्या पुढं करतात. आपल्या दारात कुणी आलं आणि कोरडं गेलं, ही त्या बाईला लाजेची गोष्ट वाटत होती. नवरा आत, ताडपत्री फाटलेली, आणि ती माझी माफी मागायच्या बेतात होती. मी "न्हाई न्हाई, असू दे" असं काहीतरी पुटपुटलो आणि चालायला लागलो. एसटी स्टँडवर नळ होता. तहान लागली होती, पण ओंजळ पुढं करवेना.

शिवकन्या आज दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला आहे, तिला हवं होतं तेच काम. सुटून आलेल्या माणसाची कागदपत्रं काढून देते, त्याला कामाला लावते, त्याच्या घरच्यांशी बोलते. कधीकधी नव्या पोलिसांच्या वर्गात शिकवायला जाते. आता म्हणे झडतीचं मोबाईलवर चित्रण करायचा कायदा झाला आहे. मला बरं वाटलं ऐकून, आणि मंग वाटलं, हा कायदा माझ्यासारख्यांसाठीच करावा लागला. तिच्या वर्गात ती एका पंचाची गोष्ट सांगते. एकदा मी तिच्याकडे गेलो असताना मागच्या बाकावर बसून ऐकली. "आमच्या भागात एक प्रतिष्ठित गृहस्थ होते," असं तिनं सुरू केलं. नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. पोरं हसली गंजीच्या जागी. मी पण हसल्यासारखं केलं.

काशिनाथ सुटून आल्यावर ती दोघं इथं राहिली नाहीत. खोपटाच्या जागी आता येड्या बाभळी आहेत. मी तिकडून जाताना पाय उचलून चालतो. आणि एक सांगायचं राहिलं. एकोणिसातल्या एकाचं मला कळलं, कारण घरात शिकलेली पोरगी होती. बाकीचे अठरा? त्यातल्या काहींची नावंही आठवत नाहीत. कुणाला किती सजा झाली, कुणाच्या बायकोनं कुठल्या फाटकाजवळ वाट बघितली, मी कधी विचारलंच नाही. शिवकन्याला म्हणालो, जुने कागद शोधता येतील का? ती म्हणाली, "बघू, आबा." ती बघते आहे. दोन सापडले. ते काय होते, ते लिहायची हिंमत अजून नाही.

साक्ष दिली त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. लिंबाखाली बाज रिकामी होती. सून म्हणाली, शिवकन्याचा फोन आला होता, तुम्हाला लावायला सांगितलंय. मी लावला.

"पेपर कसा गेला, माय?"

"चांगला गेला. तुमचा?"

मला वाटलं ती ओरडंल, रडंल. तिनं तेवढंच विचारलं, आणि थांबली. तिच्या मागं पोरींचा गलका ऐकू येत होता, पेपर सुटल्याचा, मोकळा.

"चांगला गेला," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवला.

बरं. शाळेत मास्तरनं मारलं, विहिरीवर भावकीनं शिव्या दिल्या, मी कधी मान खाली घातली नव्हती. त्या एका शब्दानं घातली. झोप आलीच नाही. डोळ्यांसमोर मी रचलेली ती गंज होती, आणि तिच्यापुढच्या खोपटात कुणीच राहत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावरून पहिल्या एसटीनं जालन्याला गेलो. कोर्टासमोरच्या टपरीवर विचारत विचारत मस्तगड भागात त्या बचावाच्या वकिलाचं घर काढलं. ते दारात बनियनवर दात घासत उभे होते. मला बघून हसले. "काय आबा, काल तर मला गप्प करून गेलात. आता काय राह्यलं?" मी पायरीखाली उभा राहून म्हणालो, "काशिनाथच्या घरी मी कधीच गेलो न्हाई. मोटार बघितली न्हाई. गंज नव्हती, उंची मी मनानं सांगितली. हे कुनापुढं सांगायचं तिथं न्या मला." त्यांनी तोंडातला फेस थुंकला आणि म्हणाले, "आबा, तुमच्यावरच खोट्या साक्षीची केस होईल." मी म्हणालो, "होऊ द्या. पण आजच चला."